सागाच्या तीन बंदुका

नाशिकला आमच्या घरासमोर चढ नाही. सपाट रस्ता आहे, त्यावरून टांगे जातात आणि संध्याकाळी पेन्शनर जातात. त्या पेन्शनरांत आता मीही आलो. रोज फिरायला निघतो आणि कोपऱ्यावर पोचेपर्यंत काहीतरी घरी विसरलो असं वाटत राहतं. काठी हातात असते, टोपी डोक्यावर असते, चष्मा नाकावर असतो. मग ध्यानात येतं की खांद्यावर बंदुकीचा पट्टा नाही, एवढंच. पट्टा आठवला की सुभेदार आठवतात, आणि सुभेदार आठवले की त्या दिवशीचं फिरणं तिथेच संपतं.

जव्हारला राजेसाहेबांचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. मी संस्थानच्या जंगलखात्यात नोकरीला लागलो होतो. नाशिकहून बैलगाडीने हाडं खिळखिळी करून घेत मोखाड्यामार्गे जव्हारात उतरलो, आणि दुसऱ्याच दिवशी वरिष्ठांनी सांगितलं, "रानात हिंडायचं तर बंदूक लागेल. शिकारखान्यात जा, सुभेदारांना भेटा." एवढं बोलून ते गालातल्या गालात हसले. ते का हसले, ते मला दुपारपर्यंत कळलं.

शिकारखाना म्हणजे एक लांबट कौलारू इमारत. आत संस्थानच्या शिकारीच्या बंदुका, बाहेर ओटी, आणि ओटीवर सुभेदार. पलटणीतली नोकरी संपवून गावी परतलेला हा माणूस अंगाने वाळलेला, मिशांनी पांढरा आणि बोलण्याने धारदार होता. महाराज सोडले तर सगळ्या जगाला अरेतुरे करायचे. त्यात उर्मटपणा नव्हता. त्यांच्या गावात सगळे तसंच बोलत, आणि पलटणीत इतकी वर्षं काढूनही त्यांनी आपली बोली बदलली नव्हती.

मी माझं नाव सांगायला तोंड उघडलं, तर ते म्हणाले, "नाव ऱ्हाऊं दे. चालतोस किती?"

"चालतो की. सवय आहे."

"सवय नको सांगू. ती घे नि वढ्यावर जाऊन ये."

ओटीच्या भिंतीला सागाच्या लाकडाच्या तीन बंदुका टेकवून ठेवल्या होत्या. बंदुका कसल्या, बंदुकीच्या आकाराचे ठोकळेच. पण आत शिसं ओतून प्रत्येकीचं वजन वेगळं केलेलं. सगळ्यात जड होती तिला सुभेदार सासू म्हणत, मधलीला सून आणि हलकीला करवली. शिकारखान्यातली खरी बंदूक हवी असेल तर आधी यांतली एक खांद्यावर घेऊन मागची उतरण उतरायची, ओढ्याला पाय लावायचा आणि तसंच वर यायचं. पाहुणा असो, अंमलदार असो, कुणाला यातून सूट नव्हती. महाराजांनीसुद्धा तरुणपणी हा ओढा केला होता असं लोक सांगत.

मी अर्थातच सासू उचलली. तरुण माणूस दुसरं काय उचलणार! उतरताना मी शीळ घालत होतो. चढताना शीळ बंद झाली, आणि वर पोचलो तेव्हा माझा खांदा कुठे संपतो आणि लाकूड कुठे सुरू होतं ते मला सांगता आलं नसतं. सुभेदारांनी मला बसूही दिलं नाही. चार पावलांवर माझ्या समोर येऊन ते ताठ उभे राहिले.

"लाव खांद्याला. माझ्या डोळ्यावर नेम धर."

"तुमच्या डोळ्यावर?"

"लाकूड हाय ते. मी काय मरत नाय."

लाकडी नळीच्या टोकावर नेम धरण्यासाठी पितळेची एक बारीक खिळी ठोकलेली होती. तिला ते माशी म्हणत. ती माशी किती हलते, कुठून कुठे जाते, हे ते समोरून डोळे बारीक करून बघत राहिले. मला वाटत होतं मी अगदी स्थिर उभा आहे. त्यांना मात्र सगळं दिसत होतं.

"हात भरलेत तुझे," ते म्हणाले. "सासू उभी हाय, तू पडायला आलास. ठेव. उद्या सुनेला ने."

दुसऱ्या दिवशी सून घेऊन ओढा केला, तिसऱ्या दिवशी करवली. करवली इतकी हलकी की मी जवळजवळ पळतच वर आलो आणि मनात म्हटलं, हीच माझी. पण नेम धरला तशी माशी नाचायला लागली. छातीतला प्रत्येक ठोका तिला कळत होता, आणि श्वास घेतला की ती त्यांच्या भुवईवरून टोपीवर जाऊन बसत होती. सुभेदार खूश होऊन हसले. "करवली हाय ती. वरातीत तिना नाचू द्यायची. असल्या हलक्या बंदुकीचा बार काढलास तर खांद्याला लाथ पण अशी मारंल की जेवताना घास डाव्या हातानं घेशील."

मग त्यांनी मला सुनेच्या वजनाची खरी रायफल दिली. तीही लगेच नाही. दोन बोटांवर आडवी तोलून बघितली, माझ्या हातात देऊन पुन्हा बघितली आणि म्हणाले, पुढचा हात खाली जातोय तुझा. दस्त्याच्या मागच्या टोकाला भोक पाडून त्यांनी शिसं भरलं. मी म्हटलं, "अहो, आणखी जड करताय!" तर म्हणाले, "वजन किती ते मागून विचार. कुठं हाय ते आधी बघ." आणि खरंच, जड झालेली ती बंदूक माझ्या हातात हलकी वाटायला लागली. नंतर कितीतरी वर्षं मी ती वाहिली.

ते म्हणत, "लोक बंदूक मारण्यासाठी घेतात नि वाहताना रडतात. अरं, दिवसभर वाहायची असते, मारायची एकदा." आणि आणखी एक म्हणत, ते मला जास्त आवडायचं: "जिच्या म्होरं मना उभं ऱ्हावंसं वाटंल, ती बंदूक तुझी."

वजनाचं हे वेड शिकारखान्यापुरतं नव्हतं. खोडाळ्याच्या बाजारात त्यांना लांबून येताना पाहिलं की भोपळेवाली आपले भोपळे पदराआड करायची. घ्यायचं काही नसे, पण प्रत्येक भोपळा उचलून, तळहातावर झुलवून, अमका इतका शेर असं जाहीर केल्याशिवाय ते पुढे जात नसत, आणि त्यांचा अंदाज काट्याला भारी पडायचा. त्यांची एकुलती एक मुलगी खोडाळ्यातच दिलेली होती. तिच्या मुलाच्या बारशाला मी गेलो होतो. आजोबांनी नातवाला दोन्ही हातांवर घेतलं, डोळे मिटले आणि सगळ्या बायकांसमोर म्हणाले, "डोकं जड हाय, पण बेस तोललाय." मुलीने कपाळावर हात मारला. मी आजही कुणाचं तान्हं मूल हातात घेतलं की हेच वाक्य ओठांवर येतं आणि सुनांच्या भीतीने गिळावं लागतं.

एकदा गुजरातकडच्या कुठल्याशा संस्थानातले एक मोठे पाहुणे शिकारीला आले. नवी कोरी, चांदीचं नक्षीकाम केलेली दुनळी बंदूक घेऊन आले होते. सुभेदारांनी सागाची सून पुढे केली, तर पाहुणे म्हणाले, "मी इथे लाकडं वाहायला आलेलो नाही." सुभेदार म्हणाले, "बरं." सुभेदार 'बरं' म्हणाले की आम्ही जंगलखात्यातले लोक दोन पावलं मागे सरत असू.

पाहुण्यांची ती दुनळी सासूपेक्षाही जड होती. पहिल्या टेकडीला ती त्यांच्या उजव्या खांद्यावर होती, दुसऱ्या टेकडीला डाव्या, आणि ऊन चढल्यावर रान उठवणाऱ्या हाकेवाल्याच्या खांद्यावर गेली. पुढे रान हाकलं तेव्हा तो हाकेवाला झऱ्यावर पाणी प्यायला खाली उतरला होता, आणि नेमका तेव्हाच एक दांडगा डुक्कर करवंदीच्या जाळीतून निघून पाहुण्यांसमोर येऊन उभा राहिला. पाहुण्यांनी काय करावं? हातातली चालायची काठी खांद्याला लावली आणि नेम धरला! डुकरानेही जरा वेळ सगळा प्रकार पाहिला, मग आपल्या वाटेने निघून गेला. हाकेवाले हसून लोळायचे बाकी राहिले. सुभेदार तेवढे हसले नाहीत. गंभीर चेहऱ्याने पाहुण्यांजवळ जाऊन म्हणाले, "काठी जराशी पण हालली नाय. वजन बरोबर हाय तुझ्या काठीचं." पाहुणे मनाचे मोठे निघाले. पुढच्या खेपेला आले तेव्हा गाडीतून उतरताच न सांगता सून उचलून ओढ्याकडे चालू लागले.

आता खोडाळ्याच्या फेरीबद्दल सांगायला हवं, कारण सुभेदारांचा जीव त्या फेरीत होता.

भाताची नि नागलीची शेतं मोकळी झाली की होळीच्या आधी संस्थानची नेमबाजीची स्पर्धा व्हायची. तिला फेरी म्हणत. मैदानात चटई टाकून, पोटावर पालथं पडून मारायची ही स्पर्धा नव्हती. खोडाळ्याहून निघायचं आणि डोंगर चढत सूर्यमाळला पोचायचं. वाटेत कुठे बांधावर, कुठे झाडाच्या बेचक्यात, कुठे ओढ्यापलीकडे मडकी ठेवलेली असत. अंतर कुणी सांगायचं नाही. धापा टाकत पोचायचं, मिळेल तसं उभं राहायचं किंवा टेकायचं आणि एक बार काढायचा. अट एकच, आपली बंदूक आपणच वाहायची. क्षणभरही दुसऱ्याच्या हातात दिली की तो गडी फेरीतून बाद. समोर बाहेरच्या संस्थानांतून आलेल्या पाहुण्यांचा गट असे, आमच्या गटाचे पुढारी सुभेदार. आणि शिकारखान्याचा एक जुना रिवाज होता. जो बंदूक घेऊन फेरी चालेल, त्याच्याकडे शिकारखान्याची किल्ली. ज्या वर्षी शिकारखान्याचा मुख्य फेरी चालणार नाही, त्या वर्षी त्याने किल्ली दुसऱ्याला द्यायची.

सुभेदार सगळ्या फेऱ्या सासूच्या वजनाची रायफल घेऊन चालले होते. इतरांना त्यांच्या जिवाप्रमाणे तोलून देणाऱ्या या माणसाने स्वतःला मात्र पलटणीतून आला त्या दिवशी तोललं होतं, त्यानंतर पुन्हा नाही. त्यांच्या हिशेबी ते अजून तेच होते.

एका वर्षी पावसाळा सरल्यावर त्यांना खोकला लागला. खोकला गेला, पण जाताना बरंच काही घेऊन गेला. मडक्यांवर सराव करताना त्यांचे बार चुकायला लागले. ते काडतुसातल्या दारूला दोष देत, वाऱ्याला देत, एकदा तर कुंभाराला दिला. आम्ही सगळे बघत होतो. ज्याने आपल्याला बंदूक दिली त्याला कोणत्या तोंडाने सांगायचं?

शेवटी त्यांनीच विचारलं. एके दिवशी सकाळी मी ओटीवर गेलो, तर ते उतरणीवरून वर येत होते. खांद्यावर सागाची सासू. थांबत थांबत, प्रत्येक वेळी काहीतरी निरखून पाहिल्याचं नाटक करत. वर आले आणि मला म्हणाले, "उभा ऱ्हा समोर."

इतक्या वर्षांत त्यांच्या बंदुकीसमोर कुणी उभं राहिलं नव्हतं. मी राहिलो. त्यांनी लाकूड खांद्याला लावलं आणि माझ्या डोळ्यावर नेम धरला. पितळेची माशी माझ्या कपाळावर आली, गालावर उतरली, गळ्याशी गेली आणि थरथरत परत वर आली. तिच्यामागे त्यांचा एक मिटलेला आणि एक उघडा डोळा होता. त्या उघड्या डोळ्यात जी आशा होती ती मला बघवत नव्हती.

"नाचते?"

"नाचते, सुभेदार."

"किती?"

"तुम्ही मला दिली नसती."

त्यांनी लाकूड खाली घेतलं. रागावले नाहीत. ते भिंतीला टेकवून म्हणाले, "उद्या करवलीला नेतो."

करवली त्यांनी आरामात वर आणली. चेहरा उजळला होता. पण करवलीला हात घट्ट लागतात. हलकी बंदूक माणसाला सांभाळत नाही, माणसाने तिला सांभाळायचं असतं, आणि त्यांचे हात आता कापत होते. माशी इतकी उडाली की मीच नजर वळवली. त्यानंतर सून झाली. मग सुताराकडून त्यांनी चौथी करवून घेतली, सुनेहून हलकी आणि करवलीहून जड. तिच्या पुढच्या टोकात शिसं घातलं, काढलं, मागे घातलं, मध्ये घातलं. होळी जवळ येत होती आणि रोज सकाळी मी त्यांच्या समोर उभा राहत होतो.

"जी थांबते ती पेलत नाय," एकदा ते म्हणाले, "नि जी पेलते ती थांबत नाय." मग लहान मुलासारखं माझ्याकडे बघून विचारलं, "मधी कुठंतरी असंल ना रं एखादी?"

"असेल," मी म्हणालो. मलाही ती हवी होती. त्या माणसाशिवाय शिकारखान्याची ओटी मला सोसवणार नव्हती.

मी एकदा सुचवून पाहिलं, की महाराजांच्या कानावर घालू, ते तुम्हाला फेरीची सूट देतील, किल्ली तुमच्याकडेच राहील. सुभेदार ताडकन उठले. "नि मंग पाहुण्यांना वढ्यावर धाडू ते कुठल्या तोंडानं?"

फेरीचा दिवस उजाडला. खोडाळ्याच्या बाजारतळावर गर्दी जमली होती. सुभेदारांनी गाडीतून एकेकाची रायफल काढून ज्याच्या त्याच्या हातात दिली. पाहुण्यांना दिली, आमच्या गड्यांना दिली, मला दिली. त्यांची स्वतःची गाडीतच राहिली. मग कमरेची किल्ली सोडून त्यांनी माझ्या हातावर ठेवली आणि माझी मूठ मिटवली. मी काही बोलणार तोच ते ओरडले, "उभं काय? चला, ऊन चढतंय!"

आणि ते आमच्याबरोबर निघाले. रिकाम्या हातांनी.

तो चढ मी अनेकदा चढलो, पण त्या दिवशीइतका लांब तो कधीच वाटला नाही. सुभेदारांना हातांचं काय करावं ते कळत नव्हतं. ते मागे बांधत, पुढे घेत, फेटा सारखा करत. वाटेत एक धोंडा उचलून थोडा वेळ हातात धरला आणि टाकून दिला. सूर्यमाळच्या बाया डोक्यावर हंडे घेऊन लांबून पाणी आणत होत्या. सुभेदार बाजूला सरले, त्या भरलेल्या हंड्यांकडे त्यांनी बघितलंही, पण अमका हंडा इतका शेर असं ते बोलले नाहीत. मला ते फार लागलं.

माझी मडकी काही फुटली, काही राहिली. शेवटच्या चढणीला सुभेदार माझ्या बाजूला आले. आम्ही सगळे धापा टाकत होतो. त्यांचा श्वास संथ होता.

"दम नाय लागला रं मना," ते म्हणाले. त्यांना त्याचं आश्चर्य वाटत होतं, आणि वाईटही. "इतकी वर्सं वाटायचं, ह्यो चढ लय मोठा हाय."

माझ्याने राहवलं नाही. फेरी, किल्ली, गट, सगळं विसरून मी बंदूक त्यांच्यापुढे केली. "जरा धरा, सुभेदार."

त्यांनी दोन्ही हात झटकन पाठीमागे नेले आणि माझ्यावर खेकसले, "येडा झालास? फेरीत हायस तू! बाद होशील!"

मी बंदूक मागे घेतली. वर माळावर शेवटचं मडकं एका खडकावर होतं. मी उभा राहिलो, श्वास सोडला, बार काढला. मडकं फुटलं, पण त्या वर्षी फेरी पाहुण्यांनीच जिंकली. आमच्यात एक नेम कमी होता, आणि तो कुणाचा ते सगळ्यांना ठाऊक होतं.

माणसं सावलीला टेकली. सुभेदार एकटेच माळाच्या कडेला उभे होते. तिथून खाली खोडाळ्याची शेतं दिसतात. मी बंदूक रिकामी केली आणि त्यांच्याजवळ गेलो.

"फेरी संपली. आता कुणी बाद होत नाही. आता तरी धरा."

त्यांचा हात पुढे आला. बोटं दस्त्याच्या अगदी जवळ आली. मला वाटलं, आता ते तिला दोन बोटांवर तोलतील आणि काहीतरी खोट काढतील. मी ती खोट ऐकायला आसुसलो होतो. पण हात तिथेच थांबला आणि मागे गेला.

"नको रं," ते म्हणाले. "आज सकाळी सोडली ती मोठ्या मुश्किलीनं. आता धरली तं उद्या परत सोडायला लागंल."

एवढं बोलून त्यांनी फेटा सारखा केला आणि ते खोडाळ्याच्या वाटेने, लेकीच्या घराकडे उतरायला लागले.